धिरड्यासारखी जमिनीला चिकटलेली कुत्री

आजची गोष्ट कुत्र्यांची आहे. पण गोंडस पिल्लांची नाही, तर मोठ्या झालेल्या, मागचं आयुष्य पाठीवर घेऊन आलेल्या कुत्र्यांची. असं एखादं कुत्रं घरी आणायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आणायचंच तर पिल्लू आणा. मोठं कुत्रं काही बदलत नाही." आई म्हणते, शेजारचे काका म्हणतात, कधी कधी कुत्री पाळणारी माणसंही म्हणतात. आता गंमत बघा. २००७ साली अमेरिकेत जवळपास हाच प्रश्न थेट कोर्टासमोर आला. उत्तर चुकलं असतं तर पन्नासएक जीव गेले असते.

२५ एप्रिल २००७. व्हर्जिनिया राज्यात सरी काउंटी नावाचा खेडवळ भाग आहे. तिथल्या एका पांढऱ्या घरावर पोलिसांची धाड पडली. शोध होता अमली पदार्थांचा, कारण त्या घराचा पत्ता देणारा एक तरुण तशा प्रकरणात सापडला होता. पण घरामागच्या झाडीत काळ्या रंगाने रंगवलेल्या शेड निघाल्या आणि साखळीला बांधलेली कुत्री निघाली. एकूण साठाहून जास्त, त्यातली पन्नासच्या आसपास पिट बुल. गाडीचे जुने अ‍ॅक्सल जमिनीत पुरून त्यांना साखळ्या अडकवल्या होत्या. साखळीची लांबी अशी की शेजारचं कुत्रं दिसावं, पण त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये.

घर होतं मायकल व्हिकचं. अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. अटलांटा फाल्कन्सचा क्वार्टरबॅक. २००४ मध्ये त्याने दहा वर्षांसाठी १३ कोटी डॉलरचा करार केला होता. आपल्याकडे एखाद्या आघाडीच्या क्रिकेटपटूच्या फार्महाउसवर असं काही सापडलं तर चॅनेलवर काय गदारोळ होईल, तसाच तिकडे झाला. ऑगस्टमध्ये व्हिकने गुन्हा कबूल केला. कुत्र्यांच्या झुंजी लावायच्या, त्यावर पैसे लावायचे, आणि जे कुत्रं झुंजीच्या कामाचं नाही ते मारून टाकायचं. कसं मारायचे ते कोर्टाच्या कागदपत्रांत आहे, मी इथे सांगत बसत नाही. डिसेंबरमध्ये न्यायाधीश हेन्री हडसन यांनी त्याला २३ महिन्यांची शिक्षा सुनावली.

आरोपीचा निकाल लागला. पण कुत्री कुठे होती? ती 'मुद्देमाल' होती. चोरीच्या प्रकरणात मोटरसायकल जशी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते, तशी ही कुत्री व्हर्जिनियातल्या वेगवेगळ्या सरकारी निवाऱ्यांत पिंजऱ्यात पडून होती. एक-दोन आठवडे नाही, कित्येक महिने. आणि तोवरचा रिवाज सरळ होता. झुंजीच्या अड्ड्यावरून पकडलेली कुत्री खटला संपला की मारायची. एकेक करून तपासायचीच नाहीत. ती झुंजीची आहेत एवढं पुरेसं.

इथे एक गोष्ट ऐकून धक्का बसेल. ही कुत्री मारावीत असं म्हणणाऱ्यांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या दोन फार मोठ्या संस्था होत्या, ह्यूमेन सोसायटी आणि पेटा. त्यांना लगेच खलनायक ठरवू नका. त्यांचं म्हणणं असं होतं: देशभरच्या निवाऱ्यांत जागा नाही म्हणून दरवर्षी लाखो निरोगी, माणसाळलेली कुत्री मारली जातात. मग या बातम्यांत गाजलेल्या पन्नासांवर एवढा पैसा आणि वेळ का घालवायचा? आणि उद्या यातल्या एखाद्याने लहान मुलाला फाडलं तर? प्रश्न निर्दयी वाटतो, पण बिनबुडाचा नव्हता. मला खटकतं ते एवढंच, की तोपर्यंत त्या कुत्र्यांकडे कुणी नीट पाहिलेलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये पाहिलं गेलं. एएसपीसीए या जुन्या संस्थेच्या तज्ज्ञांनी आणि कॅलिफोर्नियातल्या बॅड रॅप या पिट बुलसाठी काम करणाऱ्या छोट्या गटाने मिळून ४९ कुत्री एकेक करून तपासली. अनोळखी माणूस जवळ गेला तर काय करतं? खाताना भांड्यात खोटा हात घातला तर? मुलाच्या आकाराची बाहुली समोर आणली तर? दुसरं कुत्रं दिसलं तर? सगळ्यांची तयारी होती दात आणि गुरगुर बघायची. प्रत्यक्षात काय दिसलं, तर बरीचशी कुत्री जमिनीला चिकटून पडलेली. पोट फरशीला, हनुवटी फरशीला, पाय पसरलेले, डोळे भलतीकडे. हात लावला तरी हालचाल नाही. उचललं तर अंग सैल, किंवा लाकडासारखं ताठ. तपासणाऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'पॅनकेक डॉग्ज'. आपल्या भाषेत धिरडी. तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखी सपाट.

४९ पैकी फक्त एक कुत्री इतकी आक्रमक निघाली की तिला मारण्यावाचून पर्याय नाही असं ठरलं. आणखी एक आजारपणामुळे गेलं. उरली ४७.

आता या धिरड्यांपाशी जरा थांबू. कारण 'मोठं कुत्रं बदलत नाही' या वाक्याचं मूळ इथेच आहे. असं सपाट पडलेलं कुत्रं पाहिलं की आपण दोनातला एक अर्थ काढतो. एक तर ते 'शांत' आहे, किंवा ते 'संपलंय'. दोन्ही अर्थ चुकीचे असू शकतात, आणि हे कळायला विज्ञानाला बराच वेळ लागला. त्यासाठी ८३ वर्षं मागे, रशियाला जावं लागेल.

सप्टेंबर १९२४, लेनिनग्राड. नेवा नदीला भयंकर पूर आला. इव्हान पावलोव्हचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय: घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो पावलोव्ह. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. पिंजऱ्यांची दारं खाली होती. पाणी चढत गेलं तशी कुत्री नाक वर काढून छताशी पोहत राहिली. कर्मचारी आले, पण दारातून बाहेर काढायचं तर प्रत्येक कुत्र्याला आधी पाण्याखाली ओढावं लागत होतं. कुत्री वाचली. मग ओळीने पोहवत त्यांना सुरक्षित जागी नेलं.

पूर ओसरला, काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा काही कुत्री पार बदललेली निघाली. महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेल्यासारखं झालं होतं. एक कुत्रं एरवी अधाशासारखं खाणारं, ते प्रयोगाच्या खोलीत अन्नाला तोंड लावेना. पावलोव्हचा सहकारी स्पेरान्स्की याने एक साधी गोष्ट करून पाहिली. नेहमी प्रयोग करणारा माणूस बाजूच्या खोलीत बसायचा, कुत्रं एकटं असायचं. स्पेरान्स्की कुत्र्याच्याच खोलीत जाऊन बसला. बस, एवढंच. आणि कुत्रं खायला लागलं, हरवलेला प्रतिसाद परत आला. तो बाहेर गेला की पुन्हा गायब. पुढे तर असंही दिसलं, की त्याचे कपडे कुत्र्याला दिसणार नाहीत असे खोलीत ठेवले तरी थोडाफार फरक पडतो. म्हणजे नुसता वास.

मला हा तपशील फार आवडतो. पावलोव्ह म्हटलं की घंटा आणि लाळ, सगळं कसं यंत्रासारखं. आणि त्याच्याच प्रयोगशाळेत बुडता बुडता वाचलेल्या कुत्र्याला लागत काय होतं, तर ओळखीचं माणूस, शेजारी, काहीही न करता बसलेलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही आठवड्यांनी कुत्रं पूर्ववत झाल्यासारखं वाटलं. तेव्हा स्पेरान्स्कीने दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडली. आवाज नाही, काही नाही, टेबलाजवळ छोटं थारोळं झालं. कुत्रं कासावीस झालं, जागेवरून सुटायला धडपडू लागलं आणि सगळं शिकलेलं पुन्हा गेलं. बरं झालेलं असलं तरी पूर आत कुठेतरी होताच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा थांबा अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, १९६० चं दशक. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे तरुण संशोधक. त्यांचा प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत. नंतर त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटका टळतो. आधी असे झटके न खाल्लेली कुत्री पटकन उडी मारायला शिकली. झटके खाल्लेली बरीचशी मात्र पडून राहिली. सुटायचा रस्ता समोर असताना. १९६७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'शिकलेली असहायता' ही कल्पना मानसशास्त्रात आली. माणसांच्या नैराश्याबद्दल बोलतानाही ती वापरली जाते.

पुढच्याच वर्षीचा प्रयोग मात्र फार कुणी सांगत नाही. या पडून राहिलेल्या कुत्र्यांना संशोधकांनी पट्टा लावून अडसरापलीकडे ओढलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, वीस-तीस-पन्नास वेळा. सुरुवातीला कुत्रं ओझ्यासारखं ओढावं लागायचं. मग ओढ हलकी होत गेली. मग एका क्षणी कुत्रं स्वतः निघालं. आणि एकदा निघालं, की सुधारलेलंच राहिलं. लगेच सांगतो, घरी आणलेल्या कुत्र्याला असं ओढू नका. विजेच्या खोक्यात तो शेवटचा उपाय होता. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आपण केलेल्या कृतीने काहीतरी बदलतं, हे त्या कुत्र्याच्या शरीराला पुन्हा कळावं लागलं.

आणि २०१६ मध्ये, पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर, मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. ते म्हणाले, असहायता शिकलेली नसतेच. लांबलेल्या संकटात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकायचं असतं ते नियंत्रण. 'मी काही केलं तर फरक पडतो' ही शिकण्याची गोष्ट आहे. आणि शिकण्याची गोष्ट म्हटली की वयाची अट उरत नाही, नाही का?

आणखी एक तपशील, खास आपल्यासाठी. १९७० च्या सुमारास सेलिगमनने दोन तऱ्हेच्या कुत्र्यांची तुलना केली. एक, पिंजऱ्यातच वाढवलेले बीगल. दुसरी, पूर्वायुष्य माहीत नसलेली संमिश्र जातीची कुत्री. पिंजऱ्यातले बीगल जास्त सहज मोडले. उघड्यावर स्वतःचं काहीतरी बघत जगलेलं कुत्रं जास्त चिवट निघालं. गल्लीतल्या आपल्या मोत्याला हे कुणी सांगायची गरज नाही म्हणा.

तर आता व्हर्जिनियाला परत येऊ. ऑक्टोबर २००७ मध्ये कोर्टाने रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला या कुत्र्यांची पालक म्हणून नेमलं. प्रत्येक कुत्रं कुठे जाणार हे त्यांनी ठरवायचं. व्हिकला या कुत्र्यांच्या सांभाळासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरायला लावले. त्यामुळे 'पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न निदान या खटल्यापुरता मिटला. हे झालं नसतं तर पुढची गोष्ट घडली असती का, शंकाच आहे. दयेलाही बजेट लागतं.

२००८ च्या जानेवारीत सगळ्यात अवघड अशी २२ कुत्री युटा राज्यातल्या कनाब इथे बेस्ट फ्रेंड्स संस्थेच्या आश्रमात पोचली. तिथे सुरुवातीला कुत्र्यांजवळ दिवसरात्र माणूस ठेवला, रात्री झोपायलासुद्धा. स्पेरान्स्की आठवला? प्रत्येक कुत्र्याची रोज नोंद व्हायची: आज भीती किती, आत्मविश्वास किती, माणसाकडे ओढ किती. आकड्यांत. कालच्यापेक्षा आज एक घर पुढे की मागे, हे दिसावं म्हणून. घरी जाण्याआधी काही कुत्र्यांना वर्तणुकीची एक ठरावीक परीक्षा पास व्हावी लागायची आणि नव्या घरात सहा महिने चाचणीवर राहावं लागायचं. कोर्टाचीच अट.

या कुत्र्यांना 'घर' ही वस्तूच ठाऊक नव्हती. जिना म्हणजे काय, काचेचं दार म्हणजे काय, टीव्हीतून माणसं का बोलतात, डोक्यावर पंखा का फिरतो. आपल्याला ज्यात सुख दिसतं ते सगळं त्यांच्यासाठी धोका होतं.

आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. लिओ नावाचा कुत्रा कॅलिफोर्नियात गेला आणि काही आठवड्यांतच कर्करोगाच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागला. जॉनी जस्टिस सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात रुळला आणि पुढे त्याची नेमणूक कुठे, तर वाचनात अडखळणाऱ्या मुलांशेजारी. मुलं त्याला गोष्ट वाचून दाखवायची. कुत्रा चुका काढत नाही ना! जॉर्जिया नावाच्या कुत्रीच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता, तिलाही घर मिळालं. उलट जास्मिन. कित्येक महिने पिंजरा हीच तिला सुरक्षित जागा वाटायची. तिला ज्या बाईंनी घेतलं त्यांनी ते मान्य केलं आणि वाट पाहिली. २००८ च्या शेवटी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कुठला खेळाडू नव्हता, जास्मिनचा चेहरा होता.

सगळ्यांना घर मिळालं असं मात्र नाही. ल्यूकस हा व्हिकचा झुंजीतला अव्वल कुत्रा. माणसांशी अत्यंत गोड. तरीही त्याने आणि मेरिल नावाच्या कुत्रीने जन्मभर आश्रमातच राहावं असा आदेश होता. दोघंही तिथेच गेली. ल्यूकसच्या वाटचं आयुष्य ऑफिसात टेबलाखाली लोळण्यात गेलं. वाईट नव्हतं. पण 'प्रेम दिलं की सगळं ठीक होतं' असं कुणी सांगितलं, तर ही दोघं आठवा.

कायद्यापुरतं एवढंच सांगतो. २००९ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनात अशाच एका अड्ड्यावरची शंभराहून जास्त कुत्री, पिल्लांसकट, कोर्टाच्या आदेशाने मारली गेली. त्यावर एवढा संताप उसळला की ह्यूमेन सोसायटीने धोरण बदललं: यापुढे प्रत्येक कुत्रं स्वतंत्रपणे तपासायचं. ज्यांना दोन वर्षांपूर्वी वेगळं वाटत होतं, त्यांनीच हे केलं.

आता आपल्याकडे. आपल्याकडे मोठं कुत्रं दत्तक घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा गल्लीत अपघात झालेलं, उपचारानंतर परत सोडता न येणारं देशी कुत्रं, किंवा कुणी हौसेने घेऊन मग सोडून दिलेलं लॅब्रडॉर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जो सुधारित आदेश दिला, त्यातही दत्तक घेण्याची वाट ठेवली आहे. पालिकेकडे अर्ज करायचा, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे दोन महिन्यांनी 'जमत नाहीये हो' म्हणून गल्लीत सोडायचं नाही.

आणि जमत नाहीये असं वाटण्याचा काळ येतोच. का येतो? कारण आपण समजतो की आपण त्याला सगळं दिलं. पंखा, गादी, चिकन-भात. कुत्र्याच्या बाजूने हिशोब मांडा. रस्त्यावर कधी झोपायचं, कुठे जायचं, कोणाला टाळायचं हे तो ठरवत होता. चहाची टपरी कधी उघडते त्याला माहीत होतं. कोणता रिक्षावाला लाथ मारतो हेही. तुमच्या टू बीएचकेमध्ये आल्यावर त्याच्या हातातलं, म्हणजे पंजातलं, सगळं गेलं. फरशी गुळगुळीत, पाय घसरतात. लिफ्ट हलते. कुकरची शिट्टी होते. सू कुठे करायची ते कळत नाही आणि दार तर बंद. वर पाहुणे येऊन डोक्यावर हात फिरवतात आणि रील काढतात. तो कोपऱ्यात सपाट पडतो. आणि आपण स्टेटस टाकतो, 'किती शांत आहे बघा आमचा शेरू'.

तो शांत नाहीये. तो धिरडं झालाय.

सोशल मीडियावर तुम्ही तीन-तीन-तीनचा नियम वाचला असेल: तीन दिवस घाबरलेले, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. हा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. लिओला आठवडे लागले, जास्मिनला महिने, काहींना वर्षं. त्याचा खरा उपयोग एवढाच, की चौथ्या दिवशी तुम्ही हताश होत नाही.

पहिले दिवस कंटाळवाणे ठेवा. एक कोपरा त्याचा. पलंगाखालची जागा असेल तर पलंगाखालची. तिथे गेला की कुणी हात घालायचा नाही, भाचरांनी तर नाहीच. खाणं, फिरणं, झोप रोज त्याच वेळी, कारण पुढे काय होणार हे कळणं हासुद्धा ताब्यात असण्याचाच एक प्रकार आहे. सू घरात झाली तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. रस्त्यावर वाढलेल्याला 'घराच्या आत' ही कल्पना नवी आहे. खाल्ल्यावर, उठल्यावर लगेच बाहेर न्या आणि बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. तुम्ही फक्त खोलीत बसा. मोबाइल बघत बसलात तरी चालेल, हा एकच असा सल्ला आहे जो तुम्ही आधीपासून पाळताय. डोळ्यांत बघू नका, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करा, अधूनमधून खाऊचा तुकडा त्याच्या बाजूला सरकवा. तो उठून तुमच्याजवळ आला, हुंगलं आणि परत गेला, तर जाऊ द्या. पकडू नका. 'मी आलो तर चांगलं होतं आणि मी निघालो तर कुणी अडवत नाही' हेच तर त्याला कळायला हवंय. अंघोळसुद्धा, जखम किंवा गोचीड नसेल, तर आठवडाभर राहू द्या. पशुवैद्याकडे मात्र टाळाटाळ नको: रेबीजची लस, जंत, गोचिडांचा ताप, नसबंदी.

दोन गोष्टी धोक्याच्या. पहिली, दार. नवीन कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत निसटलं तर हाकेला परत येत नाही, कारण तुम्ही दिलेलं नाव अजून त्याचं झालेलं नसतं. छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही लावा, आणि कुरिअरवाल्याला दार उघडताना त्याला आधी खोलीत ठेवा. दुसरी, गुरगुर. ती दाबू नका. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. म्हणजे इशारा गेला, दात राहिले. गुरगुरलं तर मागे सरका आणि कशावर गुरगुरलं ते पाहा. जेवणाचं भांडं असेल, झोपेत घातलेला हात असेल, आजोबांची काठी असेल. चावाच घेतला, तर व्हिडिओ बघत बसू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. मग कुत्र्यासाठी चांगला प्रशिक्षक.

आणि ती पाण्याची धार? ती येतेच. सगळं सुरळीत चालू असतं आणि एक दिवस कुणीतरी झाडू उचलतं. किंवा दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटतो. सहा महिने घरात राजासारखा वावरलेला शेरू बाथरूममध्ये कमोडमागे जाऊन बसतो आणि थरथरतो. घरचे म्हणतात, बघ, मी म्हटलं नव्हतं? मोठं कुत्रं बदलत नाही. अशा वेळी स्पेरान्स्कीचं कुत्रं आठवावं. थारोळं पाहून ते घाबरलं याचा अर्थ मधले आठवडे वाया गेले असा नव्हता. तेव्हा करायचं काम जुनंच. बाथरूमच्या फरशीवर बसायचं. दिवा मंद, खिडकी बंद. त्याला बाहेर ओढायचं नाही.

एक माझं मत सांगून टाकतो, कुणाला आवडणार नाही. प्रत्येक भटकं कुत्रं घरात आणायचं नसतं. नसबंदी झालेलं, लस घेतलेलं, चार दुकानदारांच्या जिवावर आनंदात असलेलं कुत्रं तुमच्या आठव्या मजल्यावर सुखी होईलच असं नाही. दत्तक त्याला घ्या ज्याला गरज आहे. तीन पायांवर चालणाऱ्याला, आंधळं होत चाललेल्याला, ज्याची गल्लीच मेट्रोच्या कामात गेली त्याला.

शेवटी फ्रोडो. धाड पडली तेव्हा तो जेमतेम वाढीच्या वयाचा होता. बॅड रॅपमार्फत कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबात गेला. घरच्यांशी लाडाचा, पण परक्यांशी शेवटपर्यंत बुजरा, आवाजांना दचकणारा. त्याला रुग्णालयात कुणी नेलं नाही, त्याच्यावर कुणी खेळणं काढलं नाही. व्हिकच्या घरामागून सुटलेल्या त्या ४७ मधला तो शेवटचा. डिसेंबर २०२१ मध्ये गेला, पंधरा वर्षांचा होऊन, स्वतःच्या घरात.

पुढच्या भागात आपण १८३२ च्या मुंबईत जाऊ. मालक नसलेल्या कुत्र्यांना मारायच्या सरकारी हुकुमावरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद पडली आणि मोठी दंगल झाली, ती गोष्ट. तोपर्यंत तुमच्या घरच्या शेरूबद्दल, राणीबद्दल व्हॉइस नोट पाठवा. भुंकणं मागे ऐकू आलं तरी चालेल.